पाळकसाहेबांची खुर्ची, फुआतिनोचा खुबा

मी एक खुर्ची बोलतेय. माझं लाकूड इफिलेले झाडाचं, लालसर काळं आणि दगडासारखं जड. मला तवीता नावाच्या सुताराने घडवलं, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. सवाई बेटावरच्या आमच्या गावात तेव्हाचे पाळकसाहेब चांगले सहा फूट उंच आणि अंगाने भरलेले होते. दर रविवारी चर्चनंतर ते कुणा ना कुणाकडे जेवायला जात. तवीताच्या बायकोला, फुआतिनोला, वाटलं की आपल्या घरी तरी त्यांना ऐटीत बसता यावं. म्हणून माझी बैठक उंच झाली आणि हात रुंद झाले. सगळं तयार झाल्यावर तवीता एकदाच माझ्यावर बसला, अंग हलवून पाहिलं, "टिकेल" म्हणाला आणि उठला. त्यानंतर घरातलं कुणी माझ्यावर बसलं नाही.

आमच्या घराला भिंती नाहीत. खांब आहेत, छप्पर आहे आणि जमिनीवर चटया आहेत. सगळे चटईवर मांडी घालून बसतात. मोठ्या माणसासमोर आपण उंच बसायचं नाही, त्याच्या पुढून जायचं तर कमरेत वाकून जायचं. त्यामुळे महिन्यातल्या एका रविवारचा तासभर सोडला तर कायम माझ्यावर विणलेलं पांढरं कापड असायचं. मला वाटायचं, हाच मान. खरं सांगायचं तर कंटाळाही यायचा.

त्या कापडाच्या भोकांतून मी फुआतिनोला बघत आले. ती बारीक चटया विणायची. केवड्याची पाती सोलून, उकळून, समुद्राच्या पाण्यात भिजवून, उन्हात पांढरी करून, दोऱ्याएवढी चिरून. एकेका चटईला सहा महिने, कधी वर्ष. मांडी घालून पुढे वाकायचं आणि विणत राहायचं. लग्न असो, मयत असो, कुणाला कुटुंबप्रमुखाची पदवी मिळो, या चटयांशिवाय आमच्याकडे काहीच होत नाही. तिचा थोरला भाऊ पेनी कुटुंबाचा प्रमुख. त्याच्या घरच्या प्रत्येक समारंभात तिची चटई सगळ्यांत वर उलगडली जायची.

तवीता गेला. पुढे चार वर्षांपूर्वी फुआतिनो खाली बसताना खांबाला धरू लागली. मग उठताना दोन्ही हातांनी. मग एक दिवस तिने अर्धी चटई गुंडाळून आढ्याला टांगली ती टांगलीच. खुब्याचं हाड पार झिजलं होतं. बाहेरून आलेल्या डॉक्टरांनी राजधानीच्या बेटावर तिचं ऑपरेशन केलं, उजवा खुबा बदलला आणि सहाव्या दिवशी, सोमवारी, ती बोटीने घरी आली.

मुलगी तालिता तिला घेऊन आली. वॉकर टेकत, खांबामागून खांब मागे टाकत फुआतिनो आत शिरली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. तालिताच्या हातात दवाखान्याने दिलेला चित्रांचा कागद होता. तिने तो मोठ्याने वाचला. "जमिनीवर बसायचं नाही. मांडी नाही. पायावर पाय नाही. कमरेतून फार वाकायचं नाही. गुडघा खुब्यापेक्षा वर जाता कामा नये. नाहीतर नवा सांधा निखळेल."

"मग बसायचं कुठं? झाडावर?" फुआतिनो म्हणाली.

"उंच, पक्क्या खुर्चीत. हात असलेल्या. प्लास्टिकची चालणार नाही, ती सरकते." असं म्हणून तालिताने इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ माझ्यावरचं कापड ओढलं.

"ठेव ते परत."

"आई, घरात दुसरी आहे का अशी?"

"ती पाळकसाहेबांची आहे. उद्या म्हणशील चर्चमधल्या वेदीवर बस."

"वेदीला हात नाहीत, नाहीतर म्हटलं असतं."

फुआतिनो हसली नाही. पलंगाच्या कडेवर बसली. पलंगाची गादी फोमची, जुनी. ती खाली दबायची आणि फुआतिनोचे गुडघे वर यायचे. उठताना तालिता काखेत हात घालून ओढायची आणि दोघींच्या तोंडून एकच आवाज निघायचा. मी चार पायांवर उभी होते, उंच, रुंद, रिकामी. आपण उपयोगी पडू शकतो आणि कुणी हात लावत नाही, हे फार वाईट असतं.

दुसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. फुआतिनो पाणी पीत नव्हती. तालिता पेला ठेवून वळली की ती तो पलंगाशेजारच्या कुंडीत ओतायची. उठून जावं लागू नये म्हणून. शेजारची लोसा वाटीभर वाइसालो घेऊन आली, शहाळ्याचं पाणी आणि मलई शिजवून केलेलं, बाळंतिणीला देतात ते. तेही दोन चमचे खाऊन बाजूला ठेवलं.

लोसा गावातली मालीशवाली. "आण इकडे खुबा, तेल चोळते," ती म्हणाली.

"मावशी, तिथं हात लावायचा नाही. डॉक्टरांनी बजावलंय," तालिता म्हणाली.

"तुझी आई अडली होती तेव्हा याच हातांनी तुला बाहेर काढलं. तेव्हा कुणाला विचारलं नव्हतं."

"म्हणूनच सांगते. खुब्याला नको. हातांना चोळ. वॉकर धरून तिचे तळवे सोलवटलेत."

लोसाने तोंड वाकडं केलं, पण फुआतिनोचे तळवे मांडीवर घेतले आणि तासभर तेल चोळत बसली.

बुधवारी संध्याकाळी ते घडलं. गावात प्रार्थनेच्या वेळी रिकाम्या सिलिंडरवर ठोके पडतात. मग रस्त्यावर कुणी थांबत नाही, जो तो आपल्या घरात प्रार्थनेला बसतो. पहिल्या दोन संध्याकाळी फुआतिनो पडद्याआड पडून होती. आजाऱ्याला ते चालतं. पण त्या दिवशी बहीण सुखरूप घरी आली म्हणून देवाचे आभार मानायला पेनी स्वतः आला. त्र्याहत्तर वर्षांचा, पांढऱ्या केसांचा, गावाच्या सभेत पहिला शब्द बोलणारा माणूस. तो खांबाला पाठ लावून चटईवर बसला. तालिता आणि लोसा त्याच्या समोर बसल्या. फुआतिनोने पडदा सारला आणि पलंगाच्या कडेवर येऊन बसली.

गाणं सुरू झालं. दुसरं कडवं चालू असताना मी पाहिलं, तिने डावा हात शेजारच्या खांबाला लावला. वॉकर पायाने दूर केला. मग हळूहळू पलंगावरून खाली घसरू लागली. सगळ्यांचे डोळे मिटलेले. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी ओरडले असते.

तालिताने डोळे उघडले तेव्हा आई अर्धी खाली होती, उजवा गुडघा छातीकडे येत होता. तालिता झेपावली आणि तिने आईला कमरेशी धरलं.

"सोड. मला खाली बसू दे."

"आई, हलू नकोस. आहेस तशी राहा."

"दादा खाली बसलाय आणि मी त्याच्या डोक्यावर. असली प्रार्थना देव ऐकेल का?"

"सांधा निखळला तर तो काय ऐकेल?" तालिता किंचाळली. प्रार्थनेच्या वेळी आमच्या घरात एवढा मोठा आवाज कधी झाला नव्हता.

पेनी उठला. त्याने एक हात बहिणीच्या पाठीमागे घातला, दुसऱ्याने तिचा पाय सरळ धरला आणि तिघांनी मिळून तिला पलंगावर आडवं केलं. ती ओठ चावत होती. तालिताने नर्सला फोन लावला. नर्स एकेक विचारत गेली आणि तालिता पाहून सांगत गेली. पाय आखूड दिसत नाही. पाऊल आत वळलेलं नाही. बोटं हलतात. नर्सने सुटकेचा श्वास सोडला तो मलासुद्धा ऐकू आला. मग ती म्हणाली, "आज नशीब. पुन्हा नको."

फुआतिनो छपराकडे बघत रडत होती, आवाज न करता.  पेनी प्रार्थना पुरी करून घरी गेला.

सकाळी तो पाळकसाहेबांना घेऊनच आला. हे आताचे पाळकसाहेब, एनेलिको. सहा वर्षांपूर्वी आले, वयाने चाळिशीच्या आतले. फुआतिनो गडबडून उठायला लागली. त्यांनी हाताने थांबवलं आणि ते माझ्याकडे न येता सरळ चटईवर मांडी घालून बसले.

"आई, तुमच्यापाशी एक कबुली द्यायची आहे," ते म्हणाले. "माझी उंची पाहिलीत ना? या खुर्चीत बसलो की माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. सहा वर्षं दर महिन्याला एकदा मी इथं पाय लोंबकळत जेवतोय. घरी गेल्यावर बायकोला पोटऱ्या चोळायला सांगतो."

फुआतिनो त्यांच्याकडे बघतच राहिली. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही एवढ्या कौतुकाने कापड काढायचात. कसं बोलणार? आता तुम्ही त्यात बसलात तर माझी सुटका होईल. मी खालीच जेवेन, पोट भरून."

लोसाने तोंडावर हात दाबला, पण तिचं अख्खं अंग हलत होतं. मग तालिता हसली आणि शेवटी फुआतिनोही. खुब्याला कळ लागली म्हणून हसता हसता "आई गं" म्हणाली.

पाळकसाहेब खोटं बोलत नव्हते. त्यांच्या टाचा माझ्या आडव्या दांडीवर आधार शोधत असायच्या, ते मला ठाऊक होतं.

ती वॉकर घेऊन माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. कागदावर लिहिल्याप्रमाणे उजवा पाय पुढे केला, मागे हात नेऊन माझे हात धरले आणि हळूच टेकली. ती पाळकसाहेबांपेक्षा चांगली वीतभर उंच, त्यामुळे तिचे गुडघे खुब्याच्या खाली होते आणि पावलं जमिनीवर सपाट होती. तिने एक लांब श्वास सोडला. तवीताने मला घडवलं त्याला इतकी वर्षं झाली, पण एका माणसाचा सगळा भार मी त्या दिवशी पहिल्यांदा घेतला. पाळकसाहेब जेवायला बसत. ती विसावली.

"पाणी दे गं," ती तालिताला म्हणाली. दोन पेले प्याली.

पण संध्याकाळी ठोके पडायला लागले तशी तिची चुळबुळ सुरू झाली. "मला पडद्याआड ने. दिवसा ठीक आहे. दादासमोर नको."

पेनी आलाच होता. त्याने ते ऐकलं. तो खांबाशी, आपल्या जागेवर गेला नाही. माझ्या पुढ्यात, तिच्या पावलांशी येऊन बसला. तिने पाय मागे घ्यायचा प्रयत्न केला, पण तो माझ्याखाली किती जाणार?

"दादा, हे बरं दिसत नाही. ऊठ तिथून."

"फुआ, माझ्या पदवीच्या वेळी किती चटया दिल्यास?"

"आता ते कशाला?"

"नऊ. दोन्ही पोरांच्या लग्नांत सात. आई गेली तेव्हा चार, आणि चौथी पुरी होईपर्यंत तू अंथरुणाला पाठ लावली नाहीस. सगळ्या मी वाटल्या. लोक म्हणाले, पेनी मोठ्या मनाचा." तो थांबला. त्याचा हात तिच्या उजव्या पावलावर होता, नुसता ठेवलेला. "चार वर्षं तुला खांब धरून उठताना बघत होतो. दरवेळी वाटायचं, आता थांब म्हणावं. मग एखादं कार्य निघायचं आणि मी विचारायचो, चटई कुठवर आली?"

फुआतिनोने पाय मागे ओढणं थांबवलं.

"बहिणीचा मान राखणं हे भावाचं काम. मी तो मिरवला, राखला नाही. तू माझ्यापेक्षा उंच बस. मला बरं वाटेल."

फुआतिनोने वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा प्रयत्न केला. "वाकायचं नाही," तालिता मागून म्हणाली. मग पेनीनेच डोकं पुढे आणून तिच्या डाव्या गुडघ्याला टेकवलं. त्या दिवशी गाणं कुणी सुरू केलं ते मला आठवत नाही. सूर मात्र चढाच लागला होता.

त्यानंतरचे दिवस पटापट गेले. रोज सकाळी माझ्यात बसून पाय सरळ करायचा, दहा मोजायचे, खाली ठेवायचा. आधी पाच वेळा, मग दहा, मग वीस. पहिल्या खांबापर्यंत जायचं आणि परत यायचं, मग दुसऱ्या. चौदाव्या दिवशी टाके निघाले. तालिता थकून चटईवरच झोपायची आणि फुआतिनो माझ्यात बसून तिला पंख्याने वारा घालायची. "माझ्यापायी पोरगी वाळली," असं लोसाला सांगायची. लोसा म्हणायची, "वाळली कुठं? तुझं उरलेलं वाइसालो तीच खाते."

आता चार महिने झालेत. पेनीने स्वतः रंधा मारून एक उंच फळी करून दिली. ती माझ्यासमोर मांडून फुआतिनो विणते, दिवसाला दोनच तास. टांगलेली चटई खाली आली आहे. ती कुणाला द्यायची ते या वेळी ती स्वतः ठरवणार आहे, पेनीनेच तसं गावात सांगितलंय. माझ्या हातांवरचं पॉलिश उडालंय, तिथं खोबरेल मुरलंय. सांध्यांत केवड्याचे तंतू अडकलेत. मागचा डावा पाय जरा ढिला झालाय. मला याचं काही वाईट वाटत नाही. एकोणीस वर्षांत जेवढी झिजले नाही तेवढी या चार महिन्यांत झिजले, आणि त्याबद्दल मी कुणाकुणाचे आभार मानू?

आज मी दुसऱ्या घरी चाललेय. लोसाच्या नवऱ्याचा खुबा बदललाय, परवा तो बोटीने येतो. फुआतिनोला आता प्लास्टिकची खुर्चीसुद्धा चालते, फक्त खाली दोन उशा लागतात. तुमच्याही घरी कुणी असं नवं हाड घेऊन परत आलं, तर घरातली सगळ्यांत चांगली जागा त्याला द्या. ती कुणासाठी राखली होती ते मागाहून बघता येईल. आणि पेल्यातलं पाणी पोटातच जातंय ना, यावर लक्ष ठेवा.

सकाळपासून फुआतिनो काठी टेकत माझ्याभोवती फिरतेय. लोसा आणि तालिता मला उचलायला आल्या आहेत. "सावकाश न्या," ती त्यांना सांगतेय. "आणि तिथं ठेवाल तेव्हा डाव्या पायावर एकदम भार देऊ नका. तिचा तो पाय दुखरा आहे."