मोठ्यानं बोलणारं घर

आमच्या घरात कुणी हळू बोलत नसे. आज्जा, म्हणजे नाथाजी, सैन्यात तोफखान्यात होता, आणि पेन्शनीवर घरी आला तोवर त्याचे कान निम्मे गेले होते. त्याला ऐकू जावं म्हणून आज्जी ओरडून बोलायची, पप्पा ओरडून बोलायचे, आईही लग्नानंतर तशीच शिकली. आज्ज्याशी बोलायचं तर त्याच्या समोर उभं राहायचं आणि एकेक शब्द सुटा करून म्हणायचा. आमच्या टीव्हीवरच्या बातम्या शेजारच्यांना अंगणात बसून ऐकू यायच्या. आटपाडीजवळच्या आमच्या वस्तीवर या गोष्टीचं कुणाला काही वाटत नसे. मलाही नाही. मी त्याच घरात वाढले.

दुसरीत गेले तेव्हा शाळेत मात्र माझं काहीतरी चुकायला लागलं. माया बाई तशा मायाळू, पण आवाज मऊ. वर्गावर पत्रा, शेजारी पहिलीचे पाढे चाललेले. बाईंनी 'खत' सांगितलं की माझ्या वहीत 'कत' यायचं, 'साठ'चं 'सात' व्हायचं. दुपारनंतर डोकं जड व्हायचं आणि मी खिडकीबाहेरच्या बाभळीकडं बघत बसायचे. मुलं म्हणायची, अंकिताचं ध्यान नसतं. मलाही तसंच वाटायचं. बाकीच्यांना जे कळतं ते आपल्याला का कळत नाही, हे विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

एक दिवस बाई शब्द सांगत सांगत माझ्या मागं गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "अंकिता, खडू दे बघू." सगळी मुलं वळली. मी लिहीतच राहिले. मग त्या पुढं आल्या, माझ्याकडं बघत तेच म्हणाल्या, आणि मी लगेच खडू नेऊन दिला.

त्या संध्याकाळी बाई आमच्या घरी आल्या. पप्पा कडब्याची गंजी रचत होते.

"हिला ऐकू येत न्हाई?" पप्पा हसले. "बाई, आत्ता हाक मारतो बघा. अंके!"

मी गोठ्यातून पळत आले.

"काय म्हणत्यात बाई?" आज्ज्यानं ओट्यावरून विचारलं.

"अंकीला ऐकू येत न्हाई म्हणत्यात!" आज्जी त्याच्या तोंडासमोर जाऊन ओरडली.

"आवं, माज्याशी तर दिवसभर बोलती की ती."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. सगळ्यांकडं एकदा बघितलं. "तुम्ही सगळे असंच बोलता का नेहमी?"

"मग? आण्णांना ऐकू जायला नको?" आई आज्ज्याकडं हात करत म्हणाली.

"म्हणूनच घरी तिचं काही अडत नाही," बाई म्हणाल्या. "एकदा कान तपासून आणा. मला नीट कळत नाही, पण शंका आहे."

पप्पा मला सांगलीला घेऊन गेले. आज्जाही हट्टानं आला. काचेच्या बंद खोलीत माझ्या कानांवर हेडफोन घातले, पुढ्यात मण्यांचा डबा ठेवला. आवाज आला की एक मणी वाटीत टाकायचा. कधीकधी बराच वेळ काहीच यायचं नाही. काचेपलीकडं पप्पांचा चेहरा उतरत गेलेला मला दिसत होता.

तपासणाऱ्या मॅडम नंतर म्हणाल्या, "ही बहिरी नाही. थोडंसं कमी ऐकू येतं, बहुतेक जन्मापासून. जवळून, समोरून बोललं की सगळं कळतं. लांबून किंवा गलक्यात बोललं की शब्दातली हलकी अक्षरं सुटतात. स, ख, फ, थ. मग ती अंदाजानं शब्द जुळवते. दिवसभर असं जुळवून थकते हो मूल. त्याला तुम्ही ध्यान नाही म्हणता."

 बाहेर आल्यावर रसवंतीत बसलो, तेव्हा पप्पांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

कानाचं मशीन आल्यावर आज्जीनं दोन दिवस धुसफूस केली, "पोरीच्या जातीला कानात असलं काय बरं दिसतंय?" पण वर्गात मला पहिला बाक मिळाला, माया बाई फळ्याकडं तोंड करून बोलायच्या थांबल्या, आणि 'खत' 'खत'च उमटायला लागलं.

अडचण घरात झाली. मशीन घातल्यावर सगळ्यांचं बोलणं मला टोचायचं. भांडं आपटलं तरी मी दचकायचे. मग आईनं टीव्हीचा आवाज लहान केला, सगळे माझ्याशी हळू बोलायला लागले, आणि नकळत एकमेकांशीही. घर शांत झालं. त्या शांततेत आज्जा मात्र एकटा पडला. जेवताना आम्ही बोलायचो आणि तो ताटाकडं बघायचा. एकदा मी जवळ जाऊन बसले, तर म्हणाला, "माज्यावर सगळी रुसल्यात का गं?"

"न्हाई आज्जा. माझ्यामुळं हळू बोलत्यात."

तो माझ्या कानामागच्या मशीनकडं बघत राहिला. "दुकतं का त्ये?"

"पहिल्यांदा. मग न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यानं पप्पांना सांगितलं, "जयराज, साताऱ्याला आमचा माजी सैनिकांचा दवाखाना हाय न्हवं. मलाबी दाखवून आण."

साताऱ्याहून परतताना एसटीत मी त्याच्या शेजारी होते. गाडी घाट उतरत होती. त्याच्या कानातलं मशीन नवं, त्यामुळं तो प्रत्येक आवाजाला मान वळवत होता. खिडकीची काच, मागच्या बाईच्या बांगड्या, कंडक्टरच्या हातातून फाटणारं तिकीट. "लय गलका हाय गं जगात," तो म्हणाला, पण मशीन काढलं नाही.

त्यानंतर तो सहा-सात वर्षं जगला. मी आता साताऱ्यातच कॉलेजला आहे. सुट्टीत घरी जाते तेव्हा टीव्ही अजून लहान आवाजातच असतो. आज्जी मात्र आज्ज्याच्या रिकाम्या ओट्याकडं बघून काही सांगायला लागली की तिचा आवाज आपोआप चढतो. मी तिला थांबवत नाही. आई पण थांबवत नाही. आम्ही दोघी भाकरी करता करता ऐकत राहतो.