गार होईपर्यंत

अणुवीज केंद्र बंद करायचं सरकारचं ठरलं, तेव्हा शेवटचं बटण दाबायचा मान पाळीप्रमुखाला मिळाला. सव्वीस वर्षं त्याने त्याच खुर्चीत काढली होती. भर दुपारी, पाहुण्यांच्या गर्दीत, त्याने बटण दाबलं. वीजनिर्मितीचा आकडा घसरत शून्यावर आला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, पण साथ मिळेना म्हणून ओशाळून थांबलं.

घरी मुलगी आली होती. पवनचक्क्या उभारण्याच्या कामावर असायची. कॉलेजात असताना केंद्राविरुद्ध मोर्चे काढायची. त्यापायी बापलेकींनी वर्षभर अबोला धरला होता.

"झालं बाबा?"

"झालं. आता मिरवा तुम्ही मोर्चेवाले."

तिच्यात मिरवायचं त्राण नव्हतं. बूट काढायलाही वाकवत नव्हतं. "वारा पडला की आम्हाला वर चढवतात, सुटला की खाली बसवून ठेवतात. तीन आठवडे बोल्ट आवळतेय. पाठीचा पार भुगा झालाय."

त्याने खाली बसून तिच्या बुटांच्या नाड्या सोडल्या.

"तुम्ही तरी आता सुटलात," ती म्हणाली. "सोमवारी मस्त उशिरा उठा."

"सोमवारी सहाची पाळी आहे."

"आता कसली पाळी?"

"बंद केलं म्हणून लगेच गार होतं होय गं? वापरलेलं इंधन हौदात बुडवून ठेवायचं, पाणी फिरतं ठेवायचं. वर्षानुवर्षं. मी निवृत्त होईन, ते काही निवणार नाही."

ती हळूच म्हणाली, "आम्ही नुसतं 'बंद करा' म्हणून ओरडत होतो."

"बरोबरच ओरडत होतात," तो म्हणाला. "चालू राहिलं असतं तर ढीग वाढतच गेला असता."

हे त्याने आजवर कधी कबूल केलं नव्हतं. दहा वर्षांपूर्वी ती आनंदाने नाचली असती. आता नुसती मान हलवून तिने सोफ्यावरच पाठ टेकली आणि दोन मिनिटांत घोरायला लागली. त्याने तिच्या अंगावर चादर घातली.

सोमवारी तो कामावर गेला. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पुढची चार वर्षं तो पंपांचे आवाज ऐकत, हौदाची पातळी बघत राहिला. दरम्यान मुलीचा गुडघा गेला आणि ती कचेरीत बसून पवनचक्क्यांच्या दुरुस्तीच्या पाळ्या लावू लागली. रोज संध्याकाळी बापाला फोन करून ती एकच विचारायची, "जेवलात का?"

निवृत्तीच्या दिवशी त्याने नव्या पाळीप्रमुख बाईंना हौद दाखवला. "दुसऱ्या पंपाकडे लक्ष ठेवा," तो म्हणाला, "मध्येच कुरकुरतो." बाईंनी ते वहीत टिपून घेतलं.