झोपड्यांजवळ सोडलेले उंदीर

जगदेवचं पत्र येऊन सात महिने झाले होते आणि लखमीचंद शेटनी त्याला उत्तर लिहिलं नव्हतं. आसेगावात कुणाला पत्र वाचून घ्यायचं असो की लिहून, लोक त्यांच्याच किराणा दुकानात येत. पुस्तकं वाचून डोळे घालवलेला माणूस, असा त्यांचा लौकिक. पण या एका पत्रापुढे हात चालेना.

जगदेव मुंबईच्या टेलिव्हिजन केंद्रात सुतार होता. नाटकांसाठी भिंती, दारं, झोपड्या उभ्या करायचा. एका डॉक्टरची मालिका निघते आहे, दर भागाला एक रोग, असं त्यानं लिहिलं होतं. प्लेगच्या भागासाठी लेखकानं गावाकडचं विचारलं, तेव्हा त्यानं आपल्या आजीची, रुपाबाईची, गोष्ट सांगितली. गावाला ती तोंडपाठ होती. घराघरांत उंदीर मरून पडायला लागले तसे लोक गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहिले. रुपाबाई जातं आणायला चोरून गावात गेली, तिनं प्लेग झोपड्यांत आणला आणि अकरा माणसं मेली. हे खरं आहे का, असं जगदेवनं विचारलं होतं. त्या झोपड्यांत राहिलेले, कळत्या वयाचे, आता तुम्हीच उरलात. खोटं असेल तर दोन महिन्यांत कळवा, मी बदलायला लावतो.

दोन महिने गेले. पुढं तो भाग दाखवलाही गेला. रुपाबाईची लेक गोजराबाई, म्हणजे जगदेवची आई, तेव्हा मुंबईलाच होती. आज सकाळी ती मंगरूळच्या एसटीतून उतरली आणि घरी न जाता गाठोड्यासकट दुकानात आली.

शेटनी बसा म्हटलं. ती बसली नाही.

"माह्या मायले पाह्यलं म्या. टीव्हीच्या डब्यात," ती म्हणाली. "गोरीपान नटी, लुगडं कोरं. अन् तो डाक्टर चिखलात चालून राह्यला, पन कोटाले एक डाग नाई. तो तिच्यावर वरडला, बाई, तुह्या अडानीपनानं गाव मेलं. शेजारच्या बाया डोळे पुसून राह्यल्या. मले म्हनतात, डाक्टरचं काम काय सुंदर केलं."

तिनं गाठोडं खाली टाकलं.

"जगदेवनं तुमाले लिवलं होतं. काहून नाई लिवलं परत?"

डोळ्यांचं कारण सांगता आलं असतं. टपालाचंही. पण त्या कोऱ्या कोटातल्या डॉक्टरचा शेटना इतका संताप आला की कारण ओठांवर येईना. आणि लगेच कळलं की तो संताप आपलाच आपल्यावर आहे. त्या डॉक्टरला ओरडायला बाई दिली कुणी?

प्लेगच्या त्या साली सरकारी माणसानं त्यांचे वडील फूलचंद यांना तारेचा पिंजरा दिला होता. उंदीर सापडला की पिंजरा पाण्यात बुडवायचा, असा हुकूम. फूलचंदांच्या हातून जीवहत्या होणं शक्य नव्हतं. मुक्काम झोपड्यांत असला तरी दुकानातल्या धान्याकडे बापलेकांची रोज पहाटे फेरी असे. बारा वर्षांचा लखमीचंद भरलेला पिंजरा डोक्यावर घेऊन नाल्यापलीकडे जाई आणि झोपड्यांमागच्या कडब्याच्या गंजीपाशी दार उघडी. उपाशी मरू नयेत म्हणून वडील मूठभर ज्वारीही बरोबर देत. काही उंदीर तेव्हाच लुळे पडलेले असत. असे नऊ दिवस. मधेच एक दिवस, लेकरं नुसती उकडलेली ज्वारी खातात म्हणून रुपाबाई जातं आणायला गेली. तिला गाठ आली आणि मग कुणी पुढं शोधलंच नाही.

मरत्या उंदराच्या पिसवा माणसाला चावतात आणि प्लेग होतो, हे शेटनी वाशीमच्या वाचनालयात वाचलं, त्यालाही चाळीस वर्षं झाली होती.

"उंदीर आमच्या घरचे होते," ते म्हणाले. "म्याच नेऊन सोडले, झोपड्यांपाशी."

आणि बाकीचंही सांगितलं. गोजराबाईनं ते उभ्यानं ऐकलं.

"माह्या पोरीले, अंजनाले, पाच जागी नकार आला. पिलेगीची नात म्हनून. सहाव्या जागी जमलं, तवा तुमी लग्नाले आलते. बुंदी खाऊन गेले."

"हो."

"तवा माहीत होतं?"

"होतं."

"मंग मले सांगून काय होते? कागदावर लिवा. तुमच्या बापाचं नाव लिवा, तुमचं लिवा."

आतून शेटांची बायको अंगुरीबाई दारात आली होती. ती दबक्या आवाजात म्हणाली, की मामंजींनी केलं ते दयेपोटी केलं, देवमाणूस होते, मेलेल्या माणसाच्या नावाला काळिमा कशाला. शेटनी जन्मात तिच्यावर आवाज चढवला नव्हता.

"अन् रुपाबाई मेलेली नाई काय?" ते इतक्या जोरात म्हणाले की गिऱ्हाइकं बाहेरच थबकली.

गल्ल्यावरच कागद घेऊन ते लिहायला बसले. पहिला कागद त्यांनी फाडला, कारण त्यात 'दयेपोटी' हा शब्द आला होता. दुसऱ्यात तो वेगळ्या वाटेनं शिरला, तोही फाडला. तिसऱ्यात फक्त एवढंच लिहिलं: पिंजरा कुणाचा, वाहिला कुणी, उघडला कुठं, किती दिवस. रुपाबाईनं गावातून जातं आणलं, दुसरं काही आणलं असं कुणी म्हणू नये. हे केंद्रातल्या लोकांना दाखव, गावातही कुणालाही दाखव. खाली पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

गोजराबाईनं ते दोनदा वाचून घेतलं. मग पोस्टापर्यंत ती बरोबर चालली. सोबत म्हणून नाही. तिचा विश्वास नव्हता. शेटनी पाकीट पेटीत टाकलं. तिनं वाकून फटीत पाहिलं, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि निरोप न घेता घराकडे वळली.