सान हुआनचे झगे

आमचा संत सान हुआन वाळवंटात कातडं पांघरून राहायचा आणि ओरडून सांगायचा, दोन अंगरखे असतील तर एक उघड्याला द्या. आज देवळातल्या त्याच्याच मूर्तीच्या कपाटात मखमलीचे इतके झगे आहेत की दार ढुंगणाने रेटून लावावं लागतं. रेटणारी मीच. संताला कपडे चढवायचा मान गावात बायकांचा, आणि किल्ली माझ्या कमरेला.

दर जूनला, आमच्याकडच्या ऐन थंडीत, सणाचा यजमान संताला नवा झगा देतो. आतून अल्पाकाची लोकर, वरून सोनेरी तार. यंदाचा यजमान डॉन लाउरेआनो, लोकरीचा व्यापारी.

सणाच्या आठवड्यातच डोंगरावरचं बर्फाचं तळं फुटलं. वरची वस्ती चिखलाखाली गेली. माणसं जीव घेऊन आमच्या देवळाच्या पडवीत येऊन पडली. गावातल्या होत्या नव्हत्या घोंगड्या वाटून झाल्या, तरी त्या वस्तीतल्या देल्फिनाचं तान्हं निळं पडायला लागलं.

मी लाउरेआनोला म्हटलं, झगे या लोकांना वाटून टाकते. तो म्हणाला, हात लावलास तर ती चोरी. मी म्हटलं, संत स्वतःच सांगून गेलाय की. तर मेला हसला.

"साबिनाबाई, ते त्या काळच्या लोकांना सांगितलेलं. आता जग वेगळंय."

"चोरी करू नका, हे तर त्याहून जुनं. मग तेही आता लागू नाही. आज दुकानाला कुलूप नका लावू."

पाद्रीबाबा मधे पडले. म्हणाले, ते वचन मनाने घ्यायचं असतं. पोर हाडापर्यंत गारठलेलं, आणि हे मनाने घेतायत. माझ्या मस्तकात तिडीक गेली. भांडून उपयोग नव्हता, म्हणून मी गोड हसून घरी आले.

सणाच्या सकाळी संताला सजवायला देवळाचं दार आतून लावून घेतात. मी लावलं. पडवीतल्या सगळ्यांना बाजूच्या दाराने आत घेतलं. बाहेर बँड वाजत होता. दार उघडलं तेव्हा सान हुआन नुसत्या कातड्यात उभा, आणि वेदीच्या पायऱ्यांवर वरची वस्ती मखमलीत बसलेली. लाउरेआनोचा कोरा झगा देल्फिनाच्या अंगावर, आत बाळ.

बँड थांबला. लाउरेआनो तरातरा आला आणि त्याने झग्याची गळपट्टी धरली. "उतरव."

"राहू दे मावशी," देल्फिना मला म्हणाली, "देते मी काढून." आणि गाठ सोडायला लागली बिचारी.

मी धप्पकन गुडघ्यांवर बसले आणि झग्याच्या काठाचं चुंबन घेतलं. सणाला हे प्रत्येकजण करतो, आणि शेवटच्या माणसाचं होईपर्यंत झगा जागचा हलवायचा नाही, हा नियम या यजमान लोकांनीच केलेला. माझ्या मागे म्हातारी तेओदोसिया वाकली. मग ट्रम्पेटवाला. मग अख्खं गाव रांगेत.

लाउरेआनोला गळपट्टी सोडावी लागली. दुपारपर्यंत बाळाच्या गालांवर रंग आला, ते प्यायला लागलं. तो मात्र सारखा विचारत होता, संपली का रांग. कशी संपणार? चुंबन झालं की लोक मागे जाऊन पुन्हा उभे राहत होते.