काटा हलेपर्यंत

सासूबाईंनी शाळेचं तोंड दोनच वर्षं पाहिलेलं. पण नवरा गेल्यावर विमानाची इंजिनं दुरुस्त करायचा हा कारखाना त्यांनीच नेटाने चालवला होता, आणि इथून गेलेलं एकही इंजिन तक्रार घेऊन परत आलं नाही, हे त्या भेटेल त्याला ऐकवत. तो दुसऱ्यांदा ऐकत असला तरी.

आज त्या हँगरच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. समोर छोटं पांढरं विमान, नाकावरची झाकणं उतरवलेली, आत सुनेने बांधलेलं इंजिन. पहिल्या नटापासून शेवटच्या नटापर्यंत तिचं एकटीचं काम. हे नीट चाललं, तर यापुढची इंजिनं तिच्याच हाती सोपवायची, असं थोरल्याने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, ठरवलं होतं. सासूबाईंनी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. ‘बघू’ म्हणाल्या होत्या. त्यांच्या ‘बघू’चं ‘हो’ व्हायला वर्षसुद्धा लागायचं.

विमानाचे मालक दातांचे डॉक्टर. ते सकाळपासून घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालत होते. सासूबाईंनी त्यांना विचारलं, तुमच्या खुर्चीत लोक तासभर तोंड उघडून बसतात, तेव्हा घड्याळ कोण बघतं? डॉक्टर हसले आणि एका जागी उभे राहिले.

नव्याने बांधलेलं इंजिन पहिल्यांदा पेटवण्याआधी त्याच्या अंगात तेल फिरवून घ्यावं लागतं. सुनेने प्रत्येक सिलिंडरचा वरचा स्पार्क प्लग काढून ठेवला होता, म्हणजे इंजिन हलकं फिरणार, पेटणार मात्र नाही. आता नुसत्या स्टार्टरने फिरवायचं आणि तेलाच्या दाबाचा काटा वर चढतो का ते बघायचं. काटा चढला, की तेल बेअरिंगांपर्यंत पोचलं. तो न चढताच इंजिन पेटवलं, तर लोखंडावर लोखंड घासून चार महिन्यांच्या कामाची अर्ध्या मिनिटात माती.

सून आत बसली, थोरला खिडकीतून गेजवर डोळा ठेवून उभा राहिला. स्टार्टर घरघरला, प्रोपेलर फिरला. दहा मोजून सुनेने थांबवलं. काटा शून्यावर. स्टार्टर निवू दिला, पुन्हा फिरवलं. शून्य. तिसऱ्या वेळीही काटा ढिम्म.

सुनेने तेल तपासलं, ते भरपूर होतं. दुसरा गेज लावून पाहिला, तोही शून्यच दाखवू लागला. डॉक्टरांनी सुचवलं, एकदा पेटवून तर बघा, जोरात फिरलं की दाब आपसूक येईल. सुनेने नकारार्थी मान हलवली. मग थोरला बायकोकडे न बघता हळूच म्हणाला, की इंजिन उतरवून मागचा भाग उघडावा लागेल, पंपातच गडबड दिसते. म्हणजे आणखी तीन आठवडे. डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांनी ओळखीच्या दुसऱ्या एका कारखान्याचा विषय काढला, अगदी सहज काढल्यासारखा.

सून म्हणाली, “पंपाच्या गिअरांत मी व्हॅसलिन भरलं होतं. ठासून.”

“भरलं असतंस तर पंपाने तेल ओढलं असतं.”

थोरल्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. कोरडा पंप नुसती हवा घुसळतो. गिअरांतल्या फटी व्हॅसलिनने बुजवल्या, तरच तो तेलाचा पहिला घोट घेतो.

व्हॅसलिन म्हटल्यावर दारातल्या खुर्चीत सासूबाईंना एक दुपार आठवली. दोन आठवड्यांपूर्वी, सून जेवायला गेली असताना, टेबलावर तो पंप होता. झाकण नुसतं टेकवलेलं, कडेने पांढरा लगदा बाहेर आलेला. नवऱ्याच्या काळी पंपात असलं काही भरत नसत, बाहेरून दाब देऊन तेल चढवत. त्यांना वाटलं, कोणीतरी हाताला लावायचं मलम इथे सांडलं. त्यांनी पंप उघडला, रॉकेलने धुतला, फडक्याने कोरडा लख्ख केला आणि झाकण होतं तसं टेकवून ठेवलं. सुनेने परत येऊन ते न उघडताच आवळलं असणार. रात्री जेवताना त्यांनी तिला टेबल स्वच्छ ठेवण्यावर चार शब्दही सुनावले.

हे कोणीच पाहिलं नव्हतं. गप्प बसलं, तर इंजिन उतरेल, पंप कोरडा निघेल आणि खापर सुनेच्या डोक्यावर फुटेल. त्यांचं नाव कुठेही येणार नाही.

सासूबाई उठल्या आणि विमानापाशी आल्या.

“तो पंप मी पुसला.”

थोरला गेज सोडून वळला. “तू? कशाला?”

“घाण वाटली म्हणून. हिने भरलं होतं, चांगलं चोपून भरलं होतं. काढताना माझी बोटं दुखली.”

डॉक्टर उगाच प्रोपेलरकडे बघू लागले. सून खाली उतरली. “आई, मला एकदा विचारायचं तरी.”

“आता विचारते. उतरवल्याशिवाय काही करता येईल?”

गिऱ्हाइकासमोर सासूबाईंनी सुनेचा सल्ला घेतल्याची कारखान्यातली ही पहिलीच वेळ. येईल की, सून म्हणाली, पंप नुसताच कोरडा असेल तर बाहेरून पाजता येईल. तिने तेलाची नळी सैल केली, कॅनने थेंबथेंब तेल सोडलं आणि थोरल्याला प्रोपेलर हाताने उलटा, अगदी सावकाश फिरवायला सांगितलं. बुडबुडे आले. आणखी तेल, आणखी बुडबुडे. सासूबाईंनी डॉक्टरांच्या हाती फडकं देऊन त्यांना नळीखाली धरायला लावलं. नुसते उभे आहात, काहीतरी उपयोगी पडा, असं म्हणून. बुडबुडे थांबले तेव्हा सुनेने नळी आवळली.

या वेळी खिडकीशी सासूबाई उभ्या राहिल्या. अक्षरांशी त्यांचं फारसं जमत नसलं तरी आकड्यांशी वैर नव्हतं. स्टार्टर घरघरला. काटा आधी थरथरला, मग दहा, वीस, तीस, आणि तिथे ठाम उभा राहिला. “तीस,” त्या म्हणाल्या. सुनेने आणखी दोनदा फिरवून बघितलं, तेव्हा कुठे प्लग बसवले.

इंजिन पहिल्याच झटक्यात पेटलं. हँगरचे पत्रे थडथडले, सासूबाईंचा पदर उडाला, थोरला दोन्ही कानांवर हात ठेवून हसत होता. सासूबाईंनी कान झाकले नाहीत. त्यांना आवाजात खोट सापडेना, आणि आज सापडावी असंही वाटेना.

इंजिन बंद झाल्यावर डॉक्टर टोपी घालून उडायला तयार. सून म्हणाली, आधी निवू दे, मग फिल्टर उघडून त्यात लोखंडाचा कीस नाही ना ते बघते, तुम्ही उद्या या. डॉक्टरांनी मदतीच्या आशेने सासूबाईंकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघता? जिने बांधलंय ती उद्या म्हणाली ना.”

मग त्या थोरल्याकडे वळल्या आणि कोपऱ्यात दुरुस्तीला आलेलं दुसरं एक इंजिन सुनेच्या टेबलाशी सरकवायला सांगितलं.