चर्चा संपेपर्यंत पोळ्या बंद

किल्लारीच्या भूकंपानंतर घरं बांधायला माणसं मिळेनात, तेव्हा मजुरी आठवड्याभरात वाढली होती. त्या वाढीनं कुणावर आभाळ कोसळलं नाही. पुढं लातुरात क्लासेस उगवले आणि आभाळ फारच नाजूक झालं.

क्लासच्या वसतिगृहात मी कणीक मळायची, बानो पोळ्या लाटायची. तिनं सरकारी दरानं मजुरी मागितली. क्लास चालवणारे सर कळवळले.

"मजुरी वाढली की गरिबांचीच कामं जातात, बानोबी. आधी चर्चा व्हायला हवी."

चर्चा होईपर्यंत त्यांनी 'वाढती मजुरी' असं कारण देऊन मुलांची फी तेवढी वाढवली.

बानोनं लाटणं खाली ठेवलं. "हाव सर, होऊ द्या चर्चा. पोळ्याबी मंग त्याच्यानंतरच लाटते."

मीही कणकेतून हात काढले. जेवणाच्या घंटेआधी सरांना सरकारी दर पटला.