चार सेकंद मागे

शकुनने गाडीचं मागचं दार ओढून घेतलं आणि काच खाली केली. समोर, हाताच्या अंतरावर, केशवराव ओट्यावर जुना रेडिओ हळू आवाजात कानाशी धरून बसले होते. दोन्हीकडे कार्यक्रम एकच, शकुनच्या संत्राबागेवरची मुलाखत. पण चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तिला नवऱ्याशेजारी बसून रेडिओ ऐकायचा नव्हता. मुलाच्या नव्या गाडीत डिजिटल रेडिओ आहे, त्यावर आवाज स्वच्छ येतो, असं निमित्त तिने काढलं होतं.

आवाज खरंच स्वच्छ होता. फक्त केशवराव आधी हसत आणि हसण्याजोगं बोलणं गाडीत चार सेकंदांनी येई.

पुढे बसलेली नात खुशी अमरावतीला इंजिनिअरिंग शिकत होती. तिने समजावलं, की मोठ्या आवाजाखाली दबलेलं, कानाला न कळणारं जे असतं ते आधी काढून टाकतात, उरलेलं आकड्यांत घट्ट भरून पाठवतात आणि गाडीतला रेडिओ ते पुन्हा उलगडतो. त्यात वेळ जातो. शकुनला ते पटलं. संत्र्याची पेटीही निवडल्याशिवाय कुठे भरतात?

"मंग एखादं बोलणंबी काढून टाकत असतीन?" तिने आशेने विचारलं.

"नाही गं आजी. शब्द सगळे येतात."

शकुनने पदर सारखा केला. बाग सोडून जावंसं वाटलं का कधी, असं मुलाखतीत विचारलं होतं आणि ती बोलून गेली होती. आता तेच गाडीत ऐकू येत होतं. एका उन्हाळ्यात झाडं वाळली, तेव्हा ती पिशवी भरून माहेरी तिवस्याला निघाली. तिला परत आणायला केशवराव त्याच बसमध्ये चढले. दुसऱ्या दिवशी दोघं घरी आले.

ओट्यावर केशवरावांनी झटकन मान वर केली. लगेच ते अनवाणीच खाली उतरले.

"खुशी, बंद कर," शकुन म्हणाली.

"राहू दे," दार उघडत केशवराव म्हणाले. "सरक. मले अजून एकडाव आयकू दे."

ते टेकतात तोच गाडीत शकुनचा आवाज आला, "तवापासून मले हा माणूस आवडते. त्यायले सांगतलं नाई कधी."

खुशी खिडकीबाहेर बघत राहिली. केशवरावांनी घसा साफ केला.

"मी तुले आणाले नोतो आलो," ते म्हणाले. "मीबी तिथंच राहाले निघालो होतो. तूच दुसऱ्या दिवशी परत निघाली."